शोलापूर की सोलापूर? अॅड्रेस बारचा एक छोटा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांना हा कॉम्प्युटर क्लासचा तास वाटला असेल. थोडा तसा तो आहेच. शेवटच्या पंधरा मिनिटांत मी तुम्हाला कुठली बटणं दाबायची ते सांगणार आहे. पण आधी इतिहास, कारण तो कळल्याशिवाय ती बटणं का दाबायची हे कळत नाही.

ब्राउझर उघडला की वर एक लांबट पट्टी दिसते. तिचं नाव अॅड्रेस बार, म्हणजे पत्त्याची पट्टी. पण तिच्यात पत्ता लिहिणारा माणूस आज शोधावा लागेल. आपण तिच्यात लिहितो 'तुळजापूर बस', 'दहावी निकाल', 'कंबरदुखी उपाय'. पत्त्याच्या जागेवर आपण प्रश्न लिहायला लागलो. हे आपोआप झालं नाही, आणि फुकटही झालं नाही.

पत्त्यापासून सुरुवात करू. आपल्या देशात पत्त्याला आकडे लावणारा माणूस मराठी होता, हे फार जणांना माहीत नसतं. श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतमध्ये काव्यं-नाटकं लिहिणारे कवी. त्यांनी आखलेला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. अडचण साधी होती. एकाच नावाची गावं ढिगानं, पत्ते लिहिणारे दहा लिपींत लिहिणार, आणि अक्षर डॉक्टरांसारखं. म्हणून नावाला सहा आकड्यांचा आधार दिला. आपला ४१३००१. पहिला चार म्हणजे महाराष्ट्र-मध्य प्रदेशाकडचा विभाग, पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे.

इंटरनेटवर नेमकं उलटं घडलं. तिथे आकडे आधी होते. प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता, आणि माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नंतर नावं आली. सुरुवातीला सगळ्या नावांची एकच यादी होती. अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळायचे. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, मग ते वहीत नोंद करणार. आपल्या तलाठ्याच्या दप्तरासारखंच. यंत्रं वाढली तसं दप्तर पुरेना, आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची जी वाटून घेतलेली व्यवस्था आखली, ती आजही चालू आहे. डॉट कॉम, डॉट इन ही सगळी तिचीच पिलावळ.

त्यावर टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभं केलं. पानाचा पत्ता कसा लिहायचा याचा नियम डिसेंबर १९९४ मध्ये कागदावर आला. त्यात एचटीटीपी, अपूर्णविराम, मग दोन तिरप्या रेघा. त्या दोन रेघांची खरं तर गरज नव्हती, असं बर्नर्स-ली यांनी २००९ मध्ये स्वतःच सांगितलं. तोवर जगानं अब्जावधी वेळा त्या टाइप केल्या होत्या.

त्या काळी पट्टीचा स्वभाव सरकारी कारकुनासारखा होता. पत्ता बरोबर असेल तर पान मिळेल. एक अक्षर चुकलं, की 'असं काही नाही'. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबानं पैसे मोजणाऱ्याला हे परवडणारं नव्हतं. आता माणूस जिथे चुकतो तिथे दुकान निघतं, हा जगाचा नियम. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रिअलनेम्स नावाची कंपनी आली. तिचं म्हणणं, पूर्ण पत्ता कशाला लिहिता? पट्टीत नुसता शब्द लिहा, आम्ही पोचवतो. शब्द कुणाकडे पोचवायचा? ज्यानं त्या शब्दाचे पैसे भरले त्याच्याकडे. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरच्या आधारावर हे चाललं, आणि मायक्रोसॉफ्टनं हात काढून घेतल्यावर २००२ मध्ये संपलं. लगेच पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००३ मध्ये, डॉट कॉमची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीनं आणखी एक केलं. चुकीचा पत्ता लिहिला की 'सापडला नाही' असं सांगण्याऐवजी ती माणसाला स्वतःच्याच पानावर न्यायला लागली. इतका ओरडा झाला की तीन आठवड्यांच्या आत ते बंद करावं लागलं. म्हणजे लोकांना तेव्हा चूक कळण्याचा हक्क महत्त्वाचा वाटत होता, हे लक्षात ठेवा.

नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा वर दोन चौकटी होत्या. डावीकडे पत्त्याची, उजवीकडे शोधाची. मला ती मांडणी अजूनही आवडते. माहीत असेल तर डावीकडे, माहीत नसेल तर उजवीकडे. आपल्याला ठिकाण माहीत आहे की नाही, हे लिहिण्याआधी माणसाला स्वतःशी ठरवावं लागायचं.

२००८ हे साल या पट्टीच्या इतिहासात मोठं. जूनमध्ये फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत पट्टी हुशार झाली. दोन अक्षरं लिहिली की तुम्ही आधी पाहिलेल्या पानांची शीर्षकं धुंडाळून तीच समोर मांडायची. ही हुशारी तुमच्याच वहीतली होती. २ सप्टेंबरला गूगलचं क्रोम आलं आणि त्यानं दोन्ही चौकटी एक केल्या. तिला नाव दिलं ऑम्नीबॉक्स, म्हणजे सगळ्याची एकच पेटी. सोय मोठी होती, यात वाद नाही. पण आता तुम्ही लिहीत असतानाच एकेक अक्षर शोधयंत्राकडे जाऊ लागलं, कारण त्याशिवाय ते पुढचा शब्द सुचवणार कसं? फायरफॉक्सनं बराच काळ दुसरी चौकट टिकवली. २०१७ मध्ये नव्या वापरणाऱ्यांसाठी तिनंही ती काढली.

लोकांच्या सवयी किती बदलल्या होत्या याचा एक गमतीदार दाखला २०१० च्या फेब्रुवारीतला आहे. रीडराइटवेब नावाच्या तंत्रज्ञानविषयक साइटनं फेसबुकवर एक बातमी लिहिली. ती गूगलमध्ये 'फेसबुक लॉगिन' या शब्दांसाठी वर आली. झालं, लोक त्या बातमीवर येऊन धडकले आणि खाली तक्रारी लिहायला लागले की हे नवं फेसबुक आम्हाला आवडलं नाही, जुनं परत द्या. हसू नका. त्यांना शिकवलंच तसं होतं, की पहिला जो निकाल येईल तोच पत्ता.

आता पैशाचं. अमेरिकेत गूगलवर मक्तेदारीचा खटला चालला आणि ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, की शोधाच्या बाजारात गूगलनं मक्तेदारी बेकायदा टिकवली. त्या खटल्यात बाहेर आलेला एक आकडा असा. आपलंच शोधयंत्र ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आधीपासून बसवलेलं असावं, यासाठी गूगलनं २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले. डॉलर, रुपये नव्हे. आपल्याकडे जकात होती तेव्हा नाक्याच्या ठेक्यासाठी कशी चुरस लागायची हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. माल कुठलाही असो, नाक्यावरून गेला पाहिजे. ही पट्टी तसा नाका आहे.

तर हा नाका ओलांडून आपल्याला आपल्या गावाचा इतिहास गाठायचा आहे.

आपल्या गावाची पहिली अडचण नावाची. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांच्या काळात हे सोन्नलगी. किल्ल्यातल्या आणि आसपासच्या शिलालेखांत सोनलपूर, संदलपूर अशी रूपं येतात. सोळा गावांचं मिळून सोलापूर, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. इतिहासकारांना ती पटत नाही, पण गोष्ट म्हणून छान आहे. आणि इंग्रजांच्या कागदांत सगळीकडे शोलापूर. एस एच ओ. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड आपल्या जिल्ह्याचा आहे, त्याच्या मुखपृष्ठावर शोलापूर. मार्शल लॉच्या तारांमध्ये शोलापूर. हायकोर्टात, संसदेत, गिरणीच्या पाटीवर शोलापूर. आज पट्टीत एस ओ एल लिहायला घ्या, कधी ती सोलर पॅनेल सुचवते. तिथून पुढे गेलात तर हॉटेलं, हवामान, चादरी. यंत्र दोन्ही स्पेलिंग एकच धरायचा प्रयत्न करतं हे खरं, पण त्याचा कल नेहमी ताज्या आणि खपणाऱ्या पानाकडे. शंभर वर्षं जुना कागद कुणाला काय विकणार?

एक उदाहरण जरा सविस्तर घेतो. जुनी गिरणी. शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १८७७ साली सुरू झालेली. इथल्या निम्म्या श्रोत्यांच्या घरातलं कुणी ना कुणी तिथे साच्यावर उभं राहिलं असेल. एखाद्या नातवानं पट्टीत 'जुनी गिरणी सोलापूर' लिहिलं तर त्याला चिमणीची छायाचित्रं मिळतील, भोंग्याच्या आठवणी मिळतील. चांगलंच आहे. पण ही गिरणी भारताच्या राज्यघटनेच्या इतिहासात आहे, हे त्याला कळणार नाही.

झालं असं. ऑगस्ट १९४९ मध्ये गिरणी बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून कारभार हातात घेतला आणि आपले संचालक नेमले. पुढे त्याचा कायदा झाला. एका गिरणीसाठी अख्खा एक कायदा! चरणजितलाल चौधरी नावाचे एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं, देशात इतक्या कंपन्या असताना एकाच कंपनीला वेगळी वागणूक का, समानतेचा हक्क कुठे गेला? राज्यघटना लागू होऊन वर्ष व्हायचं होतं. डिसेंबर १९५० मध्ये पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी कायदा उचलून धरला, पतंजली शास्त्री आणि एस. आर. दास यांनी विरोधी मत दिलं. तीन वर्षांनी द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यात न्यायालयानं फिरून विचार केला आणि तोच कायदा घटनाबाह्य ठरवला, कारण भरपाई न देता मालमत्ता काढून घेतली. १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती जी झाली, तिच्यामागच्या कारणांत हा निकाल आहे. मालमत्तेचा हक्क शिकताना देशातला प्रत्येक कायद्याचा विद्यार्थी 'शोलापूर केस' वाचतो. सोलापूरच्या मुलाला ती सापडत नाही, कारण तो सोलापूर शोधतो.

यातली आणखी एक गोष्ट मला फार खुपते. त्या कायद्याच्या प्रास्ताविकात कामगारांचा उल्लेख कसा येतो माहितीये? समाजाच्या एका विशिष्ट घटकात गंभीर बेकारी निर्माण झाली, अशा अर्थाचा. हजारो घरांची चूल विझली, त्याचं कागदावरचं नाव 'एक घटक'. म्हणजे तुम्ही 'कामगार', 'मजूर' असे शब्द घालून शोधलंत तरी तो कागद हुकेल. कागद करणाऱ्यानं जो शब्द वापरला, तोच पट्टीत लिहावा लागतो. इतिहासाच्या शोधातली अर्धी मेहनत ही आहे, आणि ती कुठलंही यंत्र आपल्यासाठी करत नाही.

आता बटणं.

पहिली सवय. माउस शोधत बसू नका. कंट्रोल आणि एल दाबा, कर्सर थेट पट्टीत जातो. लिहून झालं की नुसतं एंटर न दाबता ऑल्ट धरून एंटर दाबा, म्हणजे निकाल नव्या टॅबमध्ये उघडतो आणि हातातलं पान हरवत नाही.

दुसरं, अवतरण चिन्हं. इंग्रजीत एस एच ओ वालं शोलापूर आणि स्पिनिंग हे दोन शब्द मिळून दुहेरी अवतरणात घाला. म्हणजे यंत्राला सांगितलं की शहाणपणा करू नको, मी लिहिलंय तेच दे. नको असलेल्या शब्दाआधी वजा चिन्ह लावलं की तो वगळला जातो.

तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. इंग्रजीत एस, आय, टी, ई, म्हणजे 'साइट' लिहायचं, लगेच अपूर्णविराम, आणि मोकळी जागा न सोडता साइटचं नाव. मग शोध त्या एकाच साइटवर होतो. न्यायालयाचे निकाल हवेत तर इंडियन कानूनची साइट घाला, जुनी पुस्तकं हवीत तर इंटरनेट अर्काइव्हची. समोर ग्रंथपाल मंडळी बसली आहेत, त्यांना त्या अपूर्णविरामाचं अप्रूप वाटायला नको. रंगनाथनांनी १९३३ सालीच अपूर्णविरामावर अख्खी वर्गीकरण पद्धत उभी केली होती. तत्त्व तेच, आधी कपाट ठरवा, मग पुस्तक.

हे दर वेळी लिहायचा कंटाळा येतो ना? त्यावर उपाय आहे, आणि तो सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. रेल्वेत आपण एस यू आर, कुर्डुवाडी के डब्ल्यू व्ही, दौंड नुसतं डी डी. तिकीट काढणारा पूर्ण नाव लिहीत नाही. ब्राउझरलाही अशी आद्याक्षरं शिकवता येतात. ऑपेरा नावाच्या नॉर्वेच्या ब्राउझरनं ही युक्ती फार आधी दिली होती, जी लिहून पुढे शब्द लिहिला की गूगल. आज क्रोमच्या सेटिंगमध्ये शोधयंत्रांच्या यादीत 'साइट सर्च' जोडण्याची सोय आहे. तिथे साइटचं नाव, तुम्हाला हवी ती दोन अक्षरं आणि शोधाचा पत्ता द्यायचा. पत्त्यात जिथे तुमचा शब्द यायला हवा तिथे टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून एस. झालं. मग पट्टीत 'आय के', टॅब, 'शोलापूर', एंटर, की थेट निकालपत्रांत. मधला नाका टळला. हे एकदा करायला पाच मिनिटं लागतात आणि आयुष्यभर पुरतं. फायरफॉक्समध्ये बुकमार्कला असाच कीवर्ड देता येतो.

स्वतःच्या वहीत शोधायचं असेल तर फायरफॉक्सच्या पट्टीत शब्दाबरोबर तारका लिहा, फक्त बुकमार्क दिसतील. टक्क्याचं चिन्ह लिहा, उघडे टॅब दिसतील. क्रोममध्ये अॅटचं चिन्ह आणि पुढे इंग्रजीत 'हिस्ट्री'. गेल्या आठवड्यात पाहिलेलं पान पुन्हा बाजारातून कशाला आणायचं? ते घरातच असतं.

आणि आता इतिहासवाल्यांसाठी खास. पत्ता वाचायला शिका. ८ मे १९३० चा गोळीबार, त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजी अंमल नावालाही न उरणं, १२ मेचा मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना झालेली फाशी हे आपण जाणतो. या काळात ब्रिटिश संसदेत भारतमंत्री वेजवुड बेन यांना सोलापूरबद्दल प्रश्न विचारले जात होते. तिथल्या कामकाजाचे जुने वृत्तांत, म्हणजे हॅन्सार्ड, वेबवर आहेत. त्यांचा पत्ता कसा बांधलाय बघा. साइटच्या नावापुढे, तिरप्या रेघांच्या मध्ये, साल, मग महिना, मग तारीख. पट्टीत तो पत्ता दिसतो. त्यातली तारीख खोडून पुढची लिहा, एंटर दाबा, पुढच्या दिवसाचं कामकाज समोर. शोधयंत्र नाही, निकालांची यादी नाही. मे १९३० मधला एकेक दिवस उलटत जाता येतं, दप्तरखान्यात बसून बाड उलटल्यासारखं. १९९४ च्या त्या नियमानं दिलेली ही सोय आहे, आणि हल्लीचे ब्राउझर पत्ता अर्धा लपवून दाखवतात म्हणून ती आपल्याला दिसेनाशी झाली आहे. पट्टीवर क्लिक केलं की पत्ता पुरा दिसतो.

मराठीबद्दल थोडं. मराठी वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या साइट आपापल्या फॉन्टमध्ये असायच्या. डोळ्यांना मराठी, यंत्राला निरर्थक रोमन अक्षरं. तो मजकूर कुठल्याही पट्टीतून सापडत नाही. युनिकोड रुळल्यावर चित्र बदललं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये डॉट भारत हे देवनागरी नावही आलं. तरीही मराठी पानाचा पत्ता पट्टीतून उचलून व्हॉट्सअॅपवर टाका, टक्क्यांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ होते. कारण पत्त्याच्या नियमाला मूळची रोमन अक्षरंच ठाऊक. देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ खुणांत लिहिलं जातं. 'सोलापूर' या शब्दात काने-मात्रे धरून सात चिन्हं, म्हणजे त्रेसष्ट खुणा. लोकांना ती लिंक व्हायरसची वाटते आणि कुणी उघडत नाही. ती घाबरण्यासारखी नसते, आपलं गावच असतं ते.

आता प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न : शोध मराठीत घ्यायचा की इंग्रजीत?)

कागद ज्यानं लिहिला त्याच्या भाषेत. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं बघा. जन्म आपल्या सोलापुरातला, १० ऑक्टोबर १९१०. भैया चौकात स्मारक आहे, सगळ्यांनी पाहिलंय. मराठीत किंवा इंग्रजीत नाव लिहिलं की शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट बराच पुढे येतो. चित्रपटाचे शब्द वजा चिन्हानं वगळा, मग माणूस दिसायला लागतो. पण त्यांच्या शेवटच्या चार वर्षांबद्दल सगळ्यात जास्त लिहिलंय ते चिनी लोकांनी, आणि त्यांच्या लेखी ते कोटणीस नाहीत. १९३८ मध्ये गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या चिनी नावांना शेवटी 'हुआ' जोडलं होतं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. शिजियाझुआंगला त्यांचा पुतळा आहे, तिथली पानं त्याच नावाखाली आहेत. विकिपीडियावरच्या त्यांच्या लेखात ते नाव चिनी लिपीत दिलेलं आहे. वाचता येण्याची गरज नाही. उचला, कंट्रोल-एल, चिकटवा, एंटर. पान चिनीत येईल, त्यावर भाषांतराचं बटण असतं. भाषांतर ओबडधोबड होतं, पण तारखा आणि गावांची नावं कळतात.

मागे कुणाचा तरी हात वर आहे. हो, बोला ताई.